इंग्रजीतला ‘टेक’: कुठल्या नामाशी जमतं, कुठल्याशी नाही

आपण फोटो काढतो, आंघोळ करतो, परीक्षा देतो, डुलकी काढतो, रिक्षा करतो, गोळी घेतो, धोका पत्करतो आणि कुठे पोचायला आपल्याला तासभर लागतो. आठ गोष्टी सांगायला मराठीत सहा वेगळी क्रियापदं लागली. इंग्रजी बोलणारा माणूस या आठही ठिकाणी एकाच क्रियापदावर काम भागवतो: ‘टेक’.

मग अडतं कुठे? अडतं ते उलट्या दिशेने जाताना. मराठी माध्यमात शिकलेल्या, व्याकरण बऱ्यापैकी येणाऱ्या माणसाची गाडी बोलता बोलता नामापाशी येऊन थांबते. फोटो हा शब्द येतो, काळ कुठला तेही माहीत असतं, पण ‘काढणे’ला काय म्हणायचं? ‘रिमूव्ह’ म्हणालात तर समोरचा तो फोटो डिलीट करून टाकेल. ‘ड्रॉ’ म्हणालात तर त्याला वाटेल तुम्ही चित्र रंगवलंत.

हा लेख अशा अडलेल्यांसाठी आहे. ऑफिसात इंग्रजी बोलावं लागतं, आयईएलटीएसची तयारी चालू आहे, किंवा मुलांच्या शाळेत बोलताना वाक्य अर्धवट राहतं, अशा कुणासाठीही. एकच क्रियापद घेतलंय ते मुद्दाम. ‘टेक’ नीट हाताळायला जमलं की ‘मेक’, ‘डू’, ‘हॅव’, ‘गेट’ आणि ‘गिव्ह’ याच रीतीने स्वतःचे स्वतः शिकता येतात.

पायरी १ : आधी रूपं तोंडात बसवा

टेक, टुक, टेकन. चालू क्रियेसाठी टेकिंग. ‘टेक्ड’ असं काही नसतं. ‘टुक’मधला उकार ऱ्हस्व आहे, ‘बुक’मध्ये असतो तसा. सर्वात जास्त चुका ‘हॅव’च्या मागे होतात. ‘आय हॅव टुक द टॅब्लेट’ चूक, ‘आय हॅव टेकन द टॅब्लेट’ बरोबर. ‘डिड’ आला की मूळ रूप: ‘डिड यू टेक द टॅब्लेट?’ एवढं पाठ करा आणि पुढे चला, यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही.

जाता जाता एक गंमत. इतकं घरचं वाटणारं हे क्रियापद मुळात इंग्रजी नव्हेच. स्कँडिनेव्हियातून आलेले लोक इंग्लंडमध्ये वसले, त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतला ‘टाका’ इंग्रजीत शिरला आणि त्याने तिथल्या ‘निमान’ या जुन्या क्रियापदाला हळूहळू घराबाहेर काढलं. ‘निमान’चं भावंड जर्मनमध्ये ‘नेमन’ म्हणून अजून ठणठणीत आहे; जर्मन शिकणाऱ्यांना ते पहिल्या काही धड्यांतच भेटतं. इंग्रजीत त्याची खूण उरली ती ‘नम’ म्हणजे बधिर या शब्दात. मूळ अर्थ, घेतला गेलेला, पकडीत सापडलेला.

पायरी २ : क्रियापद नको, नाम धरा

शाळेत आपण ‘टेक म्हणजे घेणे’ असं पाठ केलं. ते खोटं नाही, पण त्याच्या भरवशावर वाक्य करायला गेलं की घात होतो. ‘टेक’ला स्वतःचा अर्थ फारच थोडा आहे. खरा अर्थ नाम आणतं; क्रियापद त्याला फक्त वाक्यात चालवतं. कुठल्या नामाची कुठल्या क्रियापदाशी सोयरीक जुळली आहे हे त्या भाषेच्या वहिवाटीने ठरतं, तर्काने नाही. भाषाशास्त्रात याला ‘कॉलोकेशन’ म्हणतात.

‘असं का?’ म्हणून इंग्रजीवर चिडण्याआधी आपल्याच भाषेकडे बघा. मराठी शिकायला आलेल्या परक्या माणसाला ‘काढणे म्हणजे आत असलेली वस्तू बाहेर आणणे’ असं सांगा आणि मग त्याच्यासमोर ही यादी ठेवा: फोटो काढणे, रांगोळी काढणे, कर्ज काढणे, सहल काढणे, म्हशीची धार काढणे, खोडी काढणे, दुसऱ्याचा राग तिसऱ्यावर काढणे, चाळीत दहा वर्षं काढणे. रांगोळीत कुठली वस्तू बाहेर आली? आणि दहा वर्षं कशातून काढली? आपल्याला हे प्रश्न कधी पडलेच नाहीत, कारण आपण ‘काढणे’ शिकलोच नाही. ‘रांगोळी काढणे’ शिकलो. इंग्रजीतही तसंच करायचं. ‘टेक’ शिकू नका, ‘टेक अ फोटो’ शिका.

पायरी ३ : जिथे ‘घेणे’ सरळ चालतं तिथून सुरुवात

सोपं आधी संपवून टाकू. खूप नामं अशी आहेत जिथे मराठीत ‘घेणे’ आणि इंग्रजीतही ‘टेक’ आहे. शपथ घेणे, ‘टेक ॲन ओथ’. श्वास घेणे, ‘टेक अ ब्रेथ’. भाग घेणे, ‘टेक पार्ट’. काळजी घेणे, ‘टेक केअर’. सूड घेणे, ‘टेक रिव्हेंज’. आश्रय घेणे, ‘टेक रेफ्यूज’. पुढाकार घेणे, ‘टेक द इनिशिएटिव्ह’. जबाबदारी, दखल, बाजू, बोटांचे ठसे, हजेरी, औषध, घोट, सगळं ‘टेक’. शिंपी माप घेतो, तिथेही ‘टेक’: ‘द टेलर टुक माय मेझरमेंट्स’.

नाम जुळलं म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. वरची यादी पुन्हा वाचा. ‘टेक ॲन ओथ’मध्ये ‘ॲन’ आहे, ‘टेक पार्ट’मध्ये काहीच नाही, ‘टेक द इनिशिएटिव्ह’मध्ये ‘द’ आहे. मराठीत असला उपपद नावाचा प्रकारच नसल्याने आपलं तिकडे लक्ष जात नाही, आणि ‘आय टुक रिस्क’ असं अर्धवट वाक्य तोंडून जातं. ‘आय टुक अ रिस्क’ म्हणायला हवं. ‘टेक अ केअर’ मात्र कधीच नाही.

मागून येणारं शब्दयोगीसुद्धा ठरलेलं असतं. भाग कशात? ‘टेक पार्ट इन’. काळजी कुणाची? ‘टेक केअर ऑफ’. सूड कुणावर? ‘टेक रिव्हेंज ऑन’. जबाबदारी कशाची? ‘टेक रिस्पॉन्सिबिलिटी फॉर’. मराठीत काळजीलाही ‘ची’ आणि जबाबदारीलाही ‘ची’, पण इंग्रजीत एकीकडे ‘ऑफ’ आणि दुसरीकडे ‘फॉर’. त्यामुळे वहीत लिहिताना चारही तुकडे एकत्र लिहायचे: क्रियापद, उपपद, नाम आणि मागचं शब्दयोगी. सुटे लिहिले की बोलताना सुटेच आठवतात.

‘टेक ॲडव्हान्टेज ऑफ’ इथे जरा जपून. सवलतीचा, सुट्टीचा, चांगल्या हवेचा फायदा घेतला तर ठीक. माणसाचा घेतला तर तो गैरफायदा. ‘आय टुक ॲडव्हान्टेज ऑफ माय टीचर’ असं कौतुकाने कुणी म्हणालं, तर ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातील. शिक्षकांच्या मार्गदर्शनाचा फायदा झाला असं म्हणायचं असेल, तर ‘आय बेनिफिटेड फ्रॉम माय टीचर्स गायडन्स’.

पायरी ४ : परीक्षेपाशी थांबा

सगळ्या यादीत मराठी माणसाला सर्वात जास्त फसवणारं नाम कुठलं, तर परीक्षा.

आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात. सीतेने अग्निपरीक्षा दिली, ती घेतली रामाने. जो कसाला लागतो तो देतो. जो पारखतो तो घेतो. इंग्रजीत चित्र बरोबर उलटं आहे. तिथे परीक्षा शिक्षकाच्या हातातली गोष्ट. तो ती वर्गाला देतो, विद्यार्थी घेतात. म्हणून शिक्षक ‘गिव्ह’, विद्यार्थी ‘टेक’.

आता हे वाक्य बघा: ‘आय गेव्ह द एक्झाम लास्ट मंथ’. पुण्यात, दिल्लीत, हैदराबादेत कुणालाही कळेल की गेल्या महिन्यात तुमचा पेपर होता. लंडनमध्ये किंवा शिकागोत ऐकणाऱ्याला वाटू शकतं की तुम्ही शिक्षक आहात आणि मुलांची परीक्षा घेतलीत. हे नुसतं ‘वेगळं ऐकू येणं’ नाही, इथे देणाराघेणाराच बदलतो. म्हणून बाकी काही विसरलात तरी हे लक्षात ठेवा: ‘आय टुक द एक्झाम’.

ब्रिटनमध्ये ‘सिट ॲन एक्झाम’ असंही म्हणतात. कॅनडात ‘राइट ॲन एक्झाम’ ऐकू येईल. दोन्ही ऐकून समजली की पुरे. स्वतः बोलताना ‘टेक’ म्हणा, तो सगळीकडे चालतो. आपल्याकडचा ‘ॲपिअर फॉर द एक्झाम’ हाही मुख्यतः भारतीय उपखंडातला. अर्जात चालून जाईल, पण गप्पांमध्ये उगाच कागदी वाटतो.

पायरी ५ : ‘लागणे’चं ‘टेक’

हे शब्दापेक्षा वाक्याच्या बांधणीचं काम आहे. ‘मला दोन तास लागतात’ या मराठी वाक्यात ‘मला’ पुढे आहे, म्हणून आपण ‘आय’ने सुरुवात करतो आणि ‘आय टेक टू अवर्स’ असं काहीतरी होऊन बसतं. इंग्रजीत सुरुवात ‘इट’ने करायची: ‘इट टेक्स मी टू अवर्स टू रीच द ऑफिस’. हा ‘इट’ म्हणजे कोण, असं विचारू नका. तो नुसता कर्त्याची जागा अडवून बसलेला असतो.

क्रम असा: इट, टेक्स, कुणाला, किती वेळ, आणि शेवटी ‘टू’ लावून काय करायला. ‘कुणाला’ गाळलं तरी चालतं: ‘इट टेक्स थ्री अवर्स टू गेट टू मुंबई’. भूतकाळात ‘इट टुक’. प्रश्न विचारताना ‘हाऊ लाँग डझ इट टेक?’ हा एकच प्रश्न पाठ केलात तर बँकेत, गॅरेजमध्ये, व्हिसा केंद्रावर, दवाखान्यात, जिथे जिथे वाट बघायची वेळ येते तिथे तो उपयोगी पडेल.

वेळेखेरीज दुसरं काही लागत असेल तरी हीच बांधणी. नाही म्हणायला धैर्य लागतं: ‘इट टेक्स करेज टू से नो’. लहान मुलांना शिकवायला भरपूर संयम लागतो: ‘इट टेक्स अ लॉट ऑफ पेशन्स टू टीच यंग चिल्ड्रन’. वस्तूंचं मात्र सांभाळून. ‘मला एक पेन लागेल’ इथे ‘टेक’ नाही, तिथे सरळ ‘आय नीड अ पेन’. भूक लागणे, ठेच लागणे, आग लागणे यांच्याशीही ‘टेक’चा काही संबंध नाही.

पायरी ६ : आपण ‘घेतो’, ते घेत नाहीत

खरा गाळ इथे साचलेला आहे, म्हणून इथे जरा वेळ काढू.

पहिला गट सोपा. मराठीत ‘घेणे’ आहे पण इंग्रजीत ते मिळवणं आहे, म्हणजे ‘गेट’. माहिती घेणे, मदत घेणे, परवानगी घेणे. ‘परवानगी घेतली’ यात आपण दोन गोष्टी एका दमात सांगतो: मागितली आणि मिळाली. इंग्रजीत त्या वेगळ्या कराव्या लागतात. मागितली असेल तर ‘आय आस्क्ड फॉर परमिशन’, मिळाली असेल तर ‘आय गॉट परमिशन’. ‘टेक परमिशन’ इथल्या ऑफिसांत सर्रास चालतं, बाहेर ते खटकतं. कॉलेजात प्रवेश घेण्याचंही तसंच. ‘टेक ॲडमिशन’ला आपल्याकडे कुणी हसणार नाही, पण तिकडे ‘एनरोल’ म्हणतात, आणि निवड झाली एवढंच सांगायचं असेल तर ‘आय गॉट इन’.

सल्ला हे नाम वरवर याच गटातलं, पण त्यात एक खाच आहे. ‘मी त्याचा सल्ला घेतला’ म्हणजे मराठीत आपण त्याला विचारलं. ‘आय टुक हिज ॲडव्हाइस’ म्हणजे इंग्रजीत आपण त्याचा सल्ला मानला, तसं वागलो. नुसतं विचारलं असेल तर ‘आय आस्क्ड फॉर हिज ॲडव्हाइस’. ब्रिटिश लोक वकिलाकडे जाण्याला ‘टेक लीगल ॲडव्हाइस’ म्हणतात; तेवढा अपवाद सोडला तर हा फरक कायम ठेवा.

दुसऱ्या गटात नामाची गरजच नसते. मराठीला नाम आणि त्याला जोडून ‘घेणे’ अशी जोडी आवडते: मुलाखत घेणे, आढावा घेणे, शोध घेणे. इंग्रजीत त्या नामाचंच क्रियापद होतं आणि ‘टेक’ गळून पडतो. ‘ही टुक माय इंटरव्ह्यू’ हे आपल्याकडे रोज ऐकू येणारं वाक्य, आणि नोकरीच्या गप्पांमधलं सर्वात कानाला लागणारं. ‘ही इंटरव्ह्यूड मी’ म्हणा. तुमच्या बाजूने सांगायचं तर ‘आय हॅड ॲन इंटरव्ह्यू’. आढावा घेतला, ‘वी रिव्ह्यूड’. शोध घेतला, ‘वी सर्च्ड’. अडलात तर आधी हाच प्रयोग करून बघा: हातातल्या नामालाच क्रियापद करता येतंय का? बऱ्याचदा येतं.

सभा घेणे, बैठक घेणे इथे ‘होल्ड’: ‘होल्ड अ मीटिंग’. चहा घेणे, जेवण घेणे इथे ‘हॅव’. ‘विल यू टेक टी?’ ऐकायला जुन्या बंगल्यातल्या खानसाम्यासारखं वाटतं. ‘वुड यू लाइक सम टी?’ म्हणा. साखर मात्र ‘टेक’नेच घेतात! ‘डू यू टेक शुगर?’ हा ब्रिटिश घरातला अगदी नेहमीचा प्रश्न. चहाला नाही आणि साखरेला हो, हे कुठल्या नियमात बसवणार?

घर घेतलं, गाडी घेतली, भाजी घेतली, म्हणजे विकत घेतली. तिथे ‘बॉट’. यात हयगय नको, कारण नुसत्या वस्तूबरोबर ‘टेक’ आला की त्याचा अर्थ उचलून नेणे होतो. ‘समवन टुक माय फोन’ म्हणजे कुणीतरी माझा फोन पळवला. तेव्हा नव्या फोनबद्दल ‘आय टुक अ न्यू फोन’ म्हणू नका.

टेन्शन तर आपण घाऊक घेतो. ‘डोन्ट टेक टेन्शन’ ही खास आपली इंग्रजी, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडते. तिच्यात एक आपुलकी आहे. पण परदेशी सहकाऱ्याला धीर देताना ‘डोन्ट वरी’.

आणि नाव घेणे. लग्नात नवरी नाव घेते तेव्हा ती उखाणा म्हणते. ‘शी टुक हिज नेम’ असं भाषांतर केलंत तर इंग्रजी माणूस मान डोलावेल, पण त्याला समजलेलं असेल भलतंच: तिने लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलं. वाक्य व्याकरणात चोख, अर्थ लग्नाशी जुळणारा, त्यामुळे गैरसमज झाला हे दोघांच्याही लक्षात येणार नाही.

पायरी ७ : नाम तेच, जोडीदार बदलला

आता उलटं करू. नाम एकच ठेवायचं, क्रियापद बदलायचं.

‘टेक अ कॉल’ म्हणजे आलेला फोन घेणे. ‘मेक अ कॉल’ म्हणजे फोन लावणे. मीटिंगमधून उठताना ‘सॉरी, आय हॅव टू टेक धिस कॉल’ म्हणतात कारण फोन वाजतोय. आपल्या कॉर्पोरेट भाषेत ‘लेट्स टेक अ कॉल ऑन धिस’ म्हणजे यावर निर्णय घेऊ. भारतातल्या कुठल्याही ऑफिसात हे कळतं. अमेरिकन सहकाऱ्याला मात्र वाटेल की या विषयावर फोनवर बोलायचं ठरतंय, आणि तो निमंत्रणाची वाट बघत बसेल. त्याच्याशी बोलताना ‘लेट्स डिसाइड’ म्हटलं की विषय मिटला.

‘टेक टाइम’ म्हणजे वेळ लागणे. ‘मेक टाइम’ म्हणजे वेळ काढणे. ‘थँक यू फॉर टेकिंग आउट टाइम’ हे आपण ‘वेळ काढल्याबद्दल आभार’वरून थेट उचललंय, तिकडे ‘थँक यू फॉर युअर टाइम’ एवढंच पुरतं. गंमत बघा, कर्जाच्या बाबतीत मात्र ‘काढणे’ हुबेहूब जुळतं: कर्ज काढणे, ‘टेक आउट अ लोन’. विमा उतरवणे हेही ‘टेक आउट इन्शुरन्स’.

‘टेक अ क्लास’ दुधारी आहे. अमेरिकन विद्यार्थी ‘आय ॲम टेकिंग अ फिजिक्स क्लास’ म्हणतो तेव्हा तो शिकतोय. आपल्याकडचे सर ‘आय टेक फिजिक्स क्लासेस’ म्हणतात तेव्हा ते शिकवतायत, आणि ब्रिटनमध्येही शिक्षकाच्या तोंडी तसं चालतं. संदर्भातून बहुधा उलगडतं. बायोडेटात मात्र संदर्भ नसतो, तिथे ‘टीच’ किंवा ‘स्टडी’ असं नागडं लिहा.

निरोपाची कथा तर मराठीतच मजेशीर आहे. ‘निरोप घेणे’ म्हणजे ‘येतो’ म्हणून निघणे. फोनवर ‘कॅन आय टेक अ मेसेज?’ म्हणतात तो निरोप लिहून घेणे. निघण्याच्या निरोपाला इंग्रजीत ‘टेक लीव्ह’, आणि ऑफिसातल्या रजेलाही ‘टेक लीव्ह’. हे ओळखीचं वाटतंय का? ‘आता आपली रजा घेतो’ आणि ‘उद्या रजा घेतो’, दोन्ही अर्थ मराठी ‘रजे’तही आहेत. अशी जोडी सापडली की बिनधास्त शब्दाला शब्द लावा. फक्त निघण्यासाठी ‘टेक लीव्ह’ आता फार औपचारिक झालंय. रोजच्या बोलण्यात ‘आय शुड गेट गोइंग’.

‘टेक ऑफ’, ‘टेक अप’, ‘टेक ओव्हर’, ‘टेक आफ्टर’ असा वेगळाच गोतावळा आहे. विमान उडणे, छंद लावून घेणे, कारभार हाती घेणे, आईच्या वळणावर जाणे. तो वेगळ्या लेखाचा विषय. सुरुवातीला तिकडे वळू नका, नामं पक्की झाल्यावर बघा.

पायरी ८ : कुणाशी बोलताय ते बघा

इंग्लंड आणि अमेरिकेतही एकमत नाही. अमेरिकेत आंघोळ ‘टेक अ बाथ’, ब्रिटनमध्ये जास्त करून ‘हॅव अ बाथ’. निर्णय ब्रिटनमध्ये ‘टेक’ही होतो आणि ‘मेक’ही, अमेरिकेत जवळजवळ नेहमी ‘मेक अ डिसिजन’. म्हणून ‘निर्णय घेणे’ला ‘मेक’ म्हणायची सवय लावा, दोन्हीकडे निभावतं. आणि अमेरिकन अर्थविषयक बातम्यांत गुंतवणूकदारांनी ‘टेक अ बाथ’ केलं असं वाचलंत, तर ते न्हायले नाहीत, त्यांचे पैसे बुडाले.

आपल्या भारतीय प्रयोगांबद्दल माझं मत सरळ आहे. कोट्यवधी लोक जे रोज बोलतात आणि एकमेकांना समजतं ते अशुद्ध म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. नागपूरच्या ऑफिसात नागपूरच्याच सहकाऱ्याला ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हटल्याने आभाळ कोसळत नाही. पण समोरचा माणूस किंवा परीक्षक बाहेरचा असेल, तर त्याच्या वहिवाटीने बोलायला यायला हवं. आयईएलटीएसच्या लेखन परीक्षेत गुण चार निकषांवर सारखे विभागलेले असतात. त्यातला एक शब्दसंपत्तीचा, आणि त्याच्या वरच्या बँडच्या वर्णनात कॉलोकेशनची जाण असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे अवघड शब्द पेरण्यापेक्षा साधे शब्द योग्य जोडीने आले तर जास्त कमाई.

पायरी ९ : शंका आली तर कुठे बघायचं

शब्दकोशात ‘टेक’ उघडू नका. त्याचे अर्थ पानंच्या पानं चालतात आणि डोकं गरगरतं. नाम उघडा. ‘परमिशन’ शोधा, त्याखालची उदाहरणवाक्यं वाचा, क्रियापद आपोआप दिसेल. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेले ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे कोश फुकट ऑनलाइन आहेत. सामान्य कोशांपेक्षा त्यांत अशी वाक्यं भरपूर.

त्याहून खोलात जायचं असेल तर कॉर्पस, म्हणजे खऱ्याखुऱ्या लिखाणाचा आणि बोलण्याचा शोधता येणारा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत. अमेरिकन इंग्रजीचा ‘कोका’ नावाचा कॉर्पस १०० कोटींच्या वर जातो आणि त्यातलं साहित्य १९९० ते २०१९ या काळातलं आहे. नाम टाकलं की त्याच्या शेजारी कुठले शब्द किती वेळा आले ते तिथे दिसतं. एवढी खटपट नको असेल तर गूगलच्या एनग्रॅम व्ह्यूअरमध्ये दोन प्रयोग स्वल्पविराम देऊन टाका, ब्रिटिश की अमेरिकन ते निवडा. छापील पुस्तकांत कुठला जास्त आला त्याचा आलेख समोर येतो. ‘टेक अ डिसिजन’ आणि ‘मेक अ डिसिजन’ टाकून बघा, आधीच्या पायरीतली गोष्ट डोळ्यांना दिसेल. साधा गूगल शोध मात्र यासाठी भरवशाचा नाही. आपलीच ‘टेक ॲडमिशन’ची हजारो पानं समोर येतात आणि तेच बरोबर असल्याची खात्री पटते.

वही ठेवायची तर नामाप्रमाणे ठेवा. माझ्या मते एका नामाला अर्धं पान द्यावं. उदाहरणार्थ वर ‘एक्झाम’. त्याखाली: विद्यार्थी ‘टेक’, शिक्षक ‘गिव्ह’, उत्तीर्ण ‘पास’, नापास ‘फेल’, तयारी ‘स्टडी फॉर’, पुन्हा देणे ‘रीटेक’. आणि तळाला स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य. पुस्तकी वाक्य नको. ‘माय सिस्टर इज टेकिंग हर ट्वेल्थ बोर्ड एक्झाम्स धिस इयर’ असं काहीतरी, जे तुम्हाला खरोखर कुणाला तरी सांगायचं आहे.

सराव

पुढची वाक्यं आधी मोठ्याने इंग्रजीत म्हणा, मग खाली बघा.

१. आजोबा दुपारी डुलकी काढतात.
२. बाईंनी आमची तोंडी परीक्षा घेतली.
३. रांगोळी काढायला तिला दोन तास लागले.
४. त्यांनी घर घ्यायला कर्ज काढलं.
५. मी त्याचा सल्ला घेतला, पण ऐकला नाही.
६. साहेब रजेवर आहेत. निरोप लिहून घेऊ का?
७. नवरीने नाव घेतलं.

उत्तरं

१. ‘माय ग्रँडफादर टेक्स अ नॅप इन द आफ्टरनून.’

२. ‘अवर टीचर गेव्ह अस ॲन ओरल एक्झाम.’ ‘टुक’ म्हणाला असाल तर पायरी ४ पुन्हा वाचा.

३. ‘इट टुक हर टू अवर्स टू मेक द रांगोळी.’ ‘टेक’ इथे वेळेसाठी आहे, रांगोळीसाठी नाही.

४. ‘दे टुक आउट अ लोन टू बाय द हाउस.’ घर ‘बाय’, कर्ज ‘टेक आउट’.

५. ‘आय आस्क्ड फॉर हिज ॲडव्हाइस, बट आय डिडन्ट टेक इट.’ एकाच वाक्यात दोन्ही बाजू.

६. ‘ही इज ऑन लीव्ह. कॅन आय टेक अ मेसेज?’

७. ‘टेक’ला इथे जागा नाही. ‘द ब्राइड रिसाइटेड ॲन उखाणा’ म्हणा, उखाणा हा शब्द तसाच ठेवा आणि पुढे जोडा: ‘अ शॉर्ट ऱ्हाइम विथ हर हजबंड्स नेम इन इट.’